पैसे येण्याआधीची वीस तारीख

७, ११, १५, २०. लहान कारखानदारांचे हिशेब सांभाळणाऱ्या कुणालाही मध्यरात्री उठवून विचारा, हे आकडे तोंडपाठ असतात. ७ तारखेला टीडीएस, म्हणजे दुसऱ्याचे पैसे देताना कापून ठेवलेला आयकर. ११ ला जीएसटीचं आर-वन, म्हणजे विक्रीच्या बिलांची यादी. १५ ला कामगारांचा पीएफ आणि ईएसआय, म्हणजे कामगार विमा. २० ला जीएसटीचंच थ्री-बी, म्हणजे त्या कराचा भरणा. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चमध्ये त्याच १५ तारखेला आगाऊ आयकराचा हप्ताही येऊन बसतो. जूनअखेर व्यवसाय कराचे वर्षाचे अडीच हजार, तिमाही संपली की टीडीएसचं विवरणपत्र, सप्टेंबरअखेर ऑडिट. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या माझ्या ऑफिसात भिंतीवर कॅलेंडर आहे, पण महिना कुठवर आलाय हे कळायला ते बघावं लागत नाही. फोन कुणाचा आणि कशासाठी आला यावरून तारीख समजते.

या सगळ्यांत २० तारखेचं वजन वेगळं. ७ आणि १५ ला जे पैसे जातात ते बऱ्याच अंशी कुणाच्या बिलातून, कुणाच्या पगारातून आधीच कापून ठेवलेले असतात. ११ ला नुसती यादी जाते. २० ला मालकाच्या खात्यातली रोकड जाते, आणि माझ्या बहुतेक अशिलांच्या बाबतीत ती रोकड तोवर त्यांच्या खात्यात आलेलीच नसते. एवढ्या एका गोष्टीबद्दल मला लिहायचं आहे, कारण ती ज्यांना सोसावी लागते ते त्याबद्दल चारचौघांत बोलत नाहीत. उसनवारीची गोष्ट कोण सांगणार?

कर उशिरा भरणारा म्हणजे चोर, अशी एक सरसकट समजूत आहे. बोगस बिलं फाडणारे असतात. गिऱ्हाइकाकडून रोखीत जीएसटी घेऊन खिशात घालणारेही असतात. त्यांच्यावर कारवाई झाली की मला बरं वाटतं, कारण त्यांच्यामुळं सरळ माणसाच्या मागं चार कागद जास्तीचे लागतात. पण १९ तारखेच्या संध्याकाळी माझ्या टेबलासमोर जी माणसं बसलेली असतात, ती ही नव्हेत.

त्यांतल्या एकांचा हिशेब मांडते. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. शिवाजी उद्यमनगरात त्यांचं वर्कशॉप आहे. ऑईल इंजिनांनी नाव काढलेला हा भाग. आजही तिथल्या एखाद्या बोळात शिरलात तर लेथच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. अण्णा शिरोलीच्या फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, आणतात, आपल्या व्हीएमसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मशीनवर, त्याचं मशिनिंग करतात आणि पंपाचे सुटे भाग तयार करून एका मोठ्या कंपनीला देतात. हाताखाली मोजकी माणसं, आणि काम इतकं नेटकं की कंपनीकडून माल परत आल्याचं मला आठवत नाही.

समजा, २८ ऑगस्टला त्यांनी चार लाखांचं बिल केलं. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७२ हजार. कास्टिंग आणि टूल्सच्या खरेदीवर त्यांनी फौंड्रीला आणि दुकानदाराला ३९ हजार ६०० रुपये जीएसटी दिलेला आहे, त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम भरायच्या करातून वजा होते. उरले ३२ हजार ४००. हे २० सप्टेंबरला सरकारजमा झाले पाहिजेत. कायद्यानं कराची जबाबदारी मालाचं बिल केलं तेव्हाच येऊन पडते, पैसे मिळाले की नाही हे त्यात कुणी विचारत नाही.

आता दुसरी बाजू. कंपनीची अट ९० दिवसांची. हे ९० दिवस बिलाच्या तारखेपासून नव्हेत, जीआरएनपासून, म्हणजे कंपनीच्या स्टोअरनं माल तपासून घेतल्याची नोंद केली त्या दिवसापासून. गेटवर चलनावर शिक्का बसतो, 'तपासणीच्या अधीन राहून माल मिळाला'. तो जांभळा शिक्का आणि खाली वॉचमनची सही, एवढाच अण्णांकडचा पुरावा. जीआरएन व्हायला आणखी १०-१२ दिवस जातात, आणि तोवर अण्णांनी दिलेले भाग पंपात बसून पुढं गेलेलेही असतात. ९० दिवस भरले की कंपनीच्या पेमेंटचा ठरलेला दिवस गाठावा लागतो. अशा रीतीनं २८ ऑगस्टच्या बिलाचे पैसे डिसेंबरच्या मध्यावर येतात. फौंड्रीवाला मात्र ३० दिवसांच्या वर थांबत नाही, कारण त्याच्याही मागं विजेचं बिल आहे आणि त्याचीही २० तारीख आहे.

दर महिन्याला असं एकच बिल धरलं तरी कुठल्याही दिवशी अण्णांची तीन बिलं बाहेर असतात. तीन बिलांवरचा जीएसटी २ लाख १६ हजार. त्यातला काही त्यांनी फौंड्रीला दिला, काही थेट सरकारला दिला, पण दिला सगळा आपल्या पदरचा. पदरचा म्हणजे बँकेच्या सीसी, अर्थात कॅश क्रेडिट कर्जखात्यातून, व्याजानं. त्यातही एक मेख आहे. सीसीतून किती उचल घेता येईल हे ठरवताना बँक शिल्लक माल आणि येणी बघते, आणि बहुतेक बँका ९० दिवसांपुढची येणी धरतच नाहीत. म्हणजे जे पैसे कंपनीच्या अटीप्रमाणं अजून वेळेत आहेत, तेच बँकेच्या लेखी बुडीताच्या वाटेवर असतात.

आमच्यातला १९ तारखेचा संवाद बहुधा असा होतो:

"ताई, पेमेंट पडलं नाही अजून. थ्री-बी आठ-दहा दिवस मागं घेता येतंय काय?"

"येईल की अण्णा. पण दिवसाला ५० रुपये लेट फी आणि वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज."

"मग निम्मं भरूया आता. निम्मं पेमेंट आल्यावर."

"निम्म्यावर रिटर्न जात नाही. पुरता कर भरल्याशिवाय पोर्टल थ्री-बी घेत नाही."

अण्णा गप्प बसतात. मग मी त्यांना सांगते की जेवढे आहेत तेवढे चलन काढून कॅश लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या आपल्या खात्यात, तरी टाका. जुलै २०२४ मध्ये नियम बदलला. देय तारखेला लेजरमध्ये असलेल्या आणि रिटर्न भरेपर्यंत तिथंच राहिलेल्या रकमेवर आता व्याज लागत नाही. हे अजून पुष्कळांना माहीत नाही, म्हणून इथं मुद्दाम लिहिते. लेट फी मात्र रिटर्न जाईपर्यंत चालूच राहते.

दहा दिवस उशीर झाला तर ३२ हजार ४०० वर व्याज होतं साधारण १६० रुपये आणि लेट फी ५००. एवढ्यानं कुणी बुडत नाही. लोकांना वाटतं मालक दंडाला भितात. दंडाला कुणी भीत नाही, भितात ते पुढच्या साखळीला.

थ्री-बी तसंच राहिलं तर पुढच्या महिन्याचं आर-वन भरता येत नाही. जानेवारी २०२२ पासून पोर्टलच ते अडवतं. आर-वन अडलं की सप्टेंबरची बिलं कंपनीच्या टू-बीमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या तिच्या खरेदीच्या यादीत, उमटत नाहीत. हे टू-बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं आणि त्यात जे बिल दिसतं त्याचंच क्रेडिट कंपनीला मिळतं. बिल दिसलं नाही की कंपनीच्या अकाउंट्समधून दोन ओळींची मेल येते: तुमचं बिल टू-बीत नाही, पेमेंट होल्डवर ठेवलं आहे. आणि होल्ड फक्त त्या एका बिलापुरता राहत नाही, मागच्या बिलांचे यायचे पैसेही अडकतात. पैसे अडकले म्हणून कर अडकला होता, आता कर अडकला म्हणून पैसे अडकले. ओळीनं दोन महिन्यांची थ्री-बी राहिली तर ई-वे बिल निघायचं बंद होतं. माल पॅक होऊन दारात, टेम्पोवाला भाड्यासाठी खोळंबलेला, आणि कागद निघत नाही म्हणून गाडी हलत नाही. त्या स्थितीतून वर आलेले थोडे बघितलेत मी. ज्यांना जमलं त्यांनी बायकोचे दागिने बँकेत ठेवले होते.

म्हणून अण्णा १९ ला रात्री कुणाला तरी फोन करतात आणि २० ला दुपारी माझ्याकडं ओटीपी येतो. थ्री-बी जातं. सरकारच्या नोंदीत ते वेळेवर कर भरणारे, नियमित करदाते आहेत. ती वेळ त्यांनी कशी साधली हे कुठल्या रकान्यात येत नाही.

सगळ्यात जास्त खुपते ती गोष्ट वेगळीच. अण्णांनी ११ सप्टेंबरला आर-वन भरलं की १४ ला ते ७२ हजार कंपनीच्या टू-बीत उमटतात, आणि २० सप्टेंबरला कंपनी स्वतःचा जीएसटी भरताना तेवढी रक्कम वळती करून घेते. कंपनीनं तोवर अण्णांना एक रुपया दिलेला नाही. जीएसटीचेही पैसे दिलेले नाहीत. तरी अण्णांनी उसने आणून सरकारात भरलेल्या कराच्या जोरावर कंपनीचा स्वतःचा कर ७२ हजारांनी कमी होतो. हे बेकायदा नाही. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तरच कंपनीला ते क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. म्हणजे तब्बल सहा महिने कायदा कंपनीच्या बाजूनं उभा आहे, आणि अण्णांच्या बाजूनं चार आठवडेदेखील नाही.

कुणी म्हणेल, जीएसटी मुळात दुकानदाराचा किंवा कारखानदाराचा नसतोच, तो गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारला पोचवायचा असतो, मग त्याची कुरकुर कशाला? हे तत्त्व मला मान्य आहे. जो पैसा दुसऱ्याचा आहे तो वेळेवर पोचलाच पाहिजे. पीएफच्या बाबतीत मी अण्णांचं ऐकत नाही. पगारातून कामगाराचा हिस्सा कापला, की तो त्या क्षणापासून कामगाराचा. १९६१ च्या आयकर कायद्याखाली १५ तारीख एका दिवसानं जरी चुकली तरी तो हिस्सा मालकाला खर्च म्हणून कधीच धरता येत नव्हता. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यावर शिक्कामोर्तब केलं तेव्हा पुष्कळ व्यावसायिक मंडळी चिडली होती. मला तो निकाल योग्य वाटला आणि आजही वाटतो. टीडीएसचंही तसंच. २५ मे रोजी कापलेला टीडीएस ७ जूनऐवजी ८ जूनला भरला, तर महिन्याला दीड टक्क्यानं मे आणि जून अशा दोन महिन्यांचं व्याज लागतं, म्हणजे एका दिवसाला ३ टक्के. कडक आहे, पण पैसे हातात होते आणि भरले नाहीत, तेव्हा तक्रारीला तोंड नाही.

अण्णांच्या जीएसटीचं तसं नाही. तो गिऱ्हाइकाकडून घेऊन पोचवायचा आहे हे खरं, पण गिऱ्हाइकानं तो दिलेलाच नाही. न मिळालेली ठेव परत करायला लावण्यासारखं हे आहे. सगळ्या तारखा एकाच मापानं मोजणाऱ्यांना हा फरक दिसत नाही.

पैसे वेळेवर द्या असं सांगणारा कायदा आपल्याकडं नाही असं मात्र नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्यात तो आहे. सूक्ष्म किंवा लघुउद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. आणि दिवस मोजायचे कधीपासून, हेही त्यात लिहिलेलं आहे. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकारल्याचा. त्यामुळं जीआरएनपासून ९० दिवस या अटीला कायद्यात उभं राहायला जागा नाही. त्यासाठी ऑक्टोबर २०१७ मध्ये समाधान नावाचं पोर्टल सुरू झालं. तक्रार केली की ती अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडं जाते.

पण तक्रार करायची म्हणजे ज्याच्याकडून पुढच्या महिन्याची ऑर्डर यायची आहे त्याच्याविरुद्ध उभं राहायचं. उद्यमनगरात एका वर्कशॉपनं नाही म्हटलं तर तोच भाग करून देणारी दुसरी दहा आहेत, आणि हे कंपनीच्या खरेदी खात्याला अण्णांपेक्षा चांगलं ठाऊक आहे. तक्रारी येतात त्या बहुतेक व्यवहार तुटल्यावर. चालू व्यवहारात हा हक्क वापरणारा माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही.

२०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यात एक नवी कळ आली. कलम ४३बी(एच). ४५ दिवसांच्या पुढं गेलेलं आणि वर्षअखेर न दिलेलं लघुउद्योगाचं देणं त्या वर्षी खर्च म्हणून धरता येणार नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी धरा. त्या मार्चमध्ये आमच्याकडं जे फोन सुरू झाले तसे मी आधी कधी पाहिले नव्हते. वर्षानुवर्षं न मिळालेली येणी आठवडाभरात जमा होत होती. एका अशिलानं तर बँकेचा मेसेज मला फॉरवर्ड केला आणि खाली विचारलं, "चुकून आलेत काय हे?" त्याच वेळी उलटही घडत होतं. काही मोठ्या खरेदीदारांनी लहानांना उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग असल्याची सरकारी नोंद, रद्द करा म्हणून सांगितलं, काहींनी खरेदीच दुसरीकडं वळवली. माझ्याकडं नोंदणी रद्द करायला म्हणून आलेल्यांना मी समजावून परत पाठवलं, सगळे ऐकले असं म्हणता येणार नाही.

या कळीत एक भोकही आहे. ती फक्त ३१ मार्चला दाबली जाते. मे महिन्याचं बिल फेब्रुवारीत दिलं तर नऊ महिने उशीर होऊनही कंपनीचा खर्च त्याच वर्षी मान्य होतो, तिला आयकरात काडीचा तोटा नाही. त्यामुळं आता पैसे मार्चमध्ये येतात आणि एप्रिलपासून पुन्हा जैसे थे. अण्णांच्या २८ ऑगस्टच्या बिलाला हे कलम शिवतही नाही. याशिवाय ४५ दिवसांपुढं देणी थकवलेल्या कंपन्यांनी वर्षातून दोनदा, ३० एप्रिल आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत, तसा अहवाल कंपनी खात्याला द्यायचा असतो. आपण पैसे थकवलेत हे कळवायलाही मुदत ठरवून दिली आहे. अहवाल गेल्यामुळं अण्णांकडं पैसे आले असं मात्र एकदाही झालेलं नाही. अडीचशे कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर, म्हणजे बिलं वटवून मिळण्याच्या व्यवस्थेवर, नोंदणी सक्तीची झाली आहे. ही व्यवस्था मला मनापासून आवडते. पण नोंदणी करणं वेगळं आणि अण्णांचं बिल तिथं मान्य करणं वेगळं.

अण्णांच्या धाकट्या भावाचा ऊस आहे. या दोघा भावांकडं बघितलं की मला सगळा प्रश्न एका घरात दिसतो. ऊस कारखान्यावर गेला की १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेली उसाची किमान किंमत, द्यायची, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. कारखान्यानं थकवली तर साखर आयुक्त आरआरसी काढतात, म्हणजे महसुली थकबाकीसारखी जप्तीनं वसुली. हे नुसतं कागदावर असून भागलं नाही. त्यासाठी आमच्या जिल्ह्यानं रस्ते अडवलेले, ऊसतोडी बंद पाडलेल्या बघितल्यात. २०२२ मध्ये राज्य सरकारनं एफआरपी दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली, तर शेतकरी न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. आजही १४ दिवस सगळे कारखाने पाळतात असं नाही. पण १५ व्या दिवशी धाकटा भाऊ चावडीवर उभा राहून मोठ्यानं विचारू शकतो, माझे पैसे कुठं आहेत? त्याच्या मागं गाव असतं. थोरल्या भावाला ४५ दिवसांचा हक्क आहे, व्याजाचा दर तिप्पट आहे, आणि विचारायची सोय नाही.

तारखेचा बोजा सोसत नाही म्हणून माणूस कर्जात जातो, हे तर आपल्या मातीला नवीन नाही. इंग्रजांच्या अमदानीत सारा रोखीत आणि ठरल्या हप्त्यानं भरायचा होता, पीक हाती येवो न येवो. हप्ता चुकू नये म्हणून दख्खनचा कुणबी सावकाराकडं गेला आणि १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जळाल्या. नंतर आयोग बसला, कुणब्याला कर्जातून दिलासा देणारा १८७९ चा कायदा झाला. अण्णा असलं काही करणार नाहीत. ते सीसीचं व्याज भरतात आणि मुलाला म्हणतात, तू दुसरं काहीतरी बघ. उद्यमनगरातल्या लेथवर तिसरी पिढी का दिसत नाही, याची कारणं शोधताना लोक मुलांच्या आवडीनिवडीबद्दल बोलतात. मी त्या घरांचे ताळेबंद बघते, मला कारण तिथंच दिसतं.

मुदतवाढीबद्दल थोडं लिहायला हवं, कारण बाहेरच्यांना वाटतं की आम्हाला तीच हवी असते. २०२५ च्या दिवाळीत २० ऑक्टोबरची थ्री-बी २५ वर नेली, तीही ऐन सणाच्या तोंडावर. त्याच वर्षी आयकराची १५ सप्टेंबरची तारीख अखेरच्या रात्री एका दिवसानं वाढली. ज्यांनी धावाधाव करून वेळेत भरलं त्यांना त्याचा उपयोग नाही, आणि ज्यांच्याकडं पैसेच नाहीत त्यांना पाच दिवसांनी काय होणार? वाढीव पाच दिवसांत कंपनी अण्णांचं पेमेंट करणार नव्हती. मला मुदतवाढ नको आहे. तारीख ठाम असावी, ती कधीपासून मोजायची हे मात्र बदलायला हवं.

निदान लहानांसाठी तरी जीएसटी पैसे मिळाल्यावर द्यायचा असं करता येईल. ही काही स्वप्नातली मागणी नाही. आपल्याच देशात सेवाकराच्या काळात, एप्रिल २०१२ पासून, ५० लाखांपर्यंतच्या सेवा देणाऱ्या व्यक्तींना आणि भागीदारी संस्थांना पैसे हातात आल्यावर कर भरायची सवलत होती. जीएसटी आला आणि ती गेली. ब्रिटनमध्ये साडेतेरा लाख पौंडांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना व्हॅट अशाच रीतीनं, वसुलीनंतर भरता येतो. आपल्याकडं पाच कोटींच्या आतल्यांना तिमाही रिटर्नची सोय दिली, चांगली आहे, पण पैसे दर महिन्याला भरावेच लागतात. कागद कमी झाले, रोकड तिथंच राहिली.

तोवर आम्ही आमच्यापुरतं जे करता येईल ते सुरू केलं आहे. अण्णांच्या प्रत्येक बिलावर आता उद्यम क्रमांक छापलेला असतो, आणि खाली ठळक अक्षरांत पैसे देण्याची शेवटची तारीख, माल पोचल्यापासून ४५ दिवसांची. सोळाव्या दिवशी त्यांचा मुलगा कंपनीला मेल करतो, की १५ दिवसांत आपली लेखी हरकत आलेली नाही, तरी माल पोचला तोच दिवस स्वीकृतीचा धरावा. भाषा अदबीची, धमकी कुठं नाही. पहिल्या मेलनंतर खरेदी खात्यातून फोन आला, "अण्णा, हे काय नवीन काढलंय?" अण्णा घाबरून माझ्याकडं आले होते. काही दिवसांनी कंपनीनं त्यांना ९० वरून ६० दिवसांवर आणलं, पण जीआरएनपासूनच. ४५ नाहीत, तरी एक महिना अलीकडं. समाधानवर जायचं नाव काढलं की अण्णा मान हलवतात. व्हीएमसीच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत तोवर भांडण नको, एवढंच म्हणतात, आणि त्यावर मी त्यांना आग्रह करत नाही. हप्ते त्यांना भरायचे आहेत.

कायदा बदलला तर अण्णांच्या त्या बिलाचं काय होईल, हे मी उद्यमनगरातल्या मंडळींना कागदावर मांडून दाखवते. बिल २८ ऑगस्टचं, पैसे डिसेंबरच्या मध्यावर, तर कर २० जानेवारीला. आणि कंपनीलाही त्या ७२ हजारांचं क्रेडिट पैसे दिल्यानंतरच्या थ्री-बीत, त्याआधी नाही. यात सरकारचा एक रुपया बुडत नाही, कारण आज जो कर अण्णा भरतात तोच कंपनी लगेच वळता करून घेते. पण आज पैसे थकवून कंपनीला जे तीन महिने फुकट मिळतात ते बंद होतील. ७२ हजारांचं क्रेडिट हवं असेल तर तिच्याच अकाउंट्स खात्याला अण्णांच्या बिलाची घाई सुटेल, आणि जीआरएन बारा दिवसांऐवजी दुसऱ्याच दिवशी होईल.